बसऱ्याची बातमी सांगणारा मी

मी एक शॉर्टवेव्ह रेडिओ. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, सांभाळून घ्या.

जन्म जपानी कारखान्यातला. इराकमध्ये इंजिनियर असलेल्या हेमचंद्रांनी मला बसऱ्याच्या बाजारात घेतलं. तिथे ते अरबी उत्तम शिकले. पुढे नोकरी बदलून अमेरिकेत, शॉमबर्गला आले आणि मी त्यांच्या फ्रिजवर विराजमान झालो. धाकटा भाऊ कुमार मात्र बसऱ्यातच नोकरीला राहिला. इराण-इराक युद्ध लांबत गेलं, तसा मी घरातला कर्ता पुरुष झालो. मी बोलू लागलो की कुकरनेही शिट्टी आवरावी अशी अपेक्षा असे.

इराकी निवेदकाचा आवाज भारदस्त. त्याचे सैनिक शहीद होत, शत्रूचे नुसते मरत. त्याचं सैन्य कधी मागे हटत नसे, 'नव्या जागी सज्ज' होई. काटा जरासा सरकवला की इराणचं अरबी केंद्र लागे. तिथेही हेच शब्द, फक्त माणसांची अदलाबदल. हेमचंद्र सहसा काटा सरकवत नसत.

शनिवारी मराठी मंडळी घरून एकेक पदार्थ घेऊन पॉटलकला जमली की ते भाषांतर करून सांगत, "आज आपण त्यांची पार दाणादाण उडवली." आपण म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. मंडळी मान डोलावत आणि मसालेभात वाढून घेत.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत बसऱ्यावर मोठा हल्ला झाला. त्याच आठवड्यात कुमारचा फोन लागला. तो इतका ओरडून बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"दादा, उद्या कंपनीची गाडी कुवेतला जातेय. पुढचं काही सांगता येत नाही म्हणतात. पण गेलो तर जॉब जाईल. काय करू?"

हेमचंद्रांनी माझ्याकडे पाहिलं. "थांब तिथेच. आत्ताच ऐकलं, शत्रूचं कंबरडं मोडलंय. शहर सेफ आहे."

मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्यांच्या पत्नीने, सुमेधाताईंनी, रिसीव्हर हातात घेतला. "भाऊजी, काल झोपलात कुठे?"

"जिन्याखाली, वहिनी. आठवडाभर सगळे तिथेच झोपतोय."

"मग उद्या गाडीत बसा. जॉबचं नंतर बघू."

"अगं, पण बातम्यांत..." हेमचंद्र म्हणाले.

"बातम्यांत जिना आला होता का?"

कुमार निघाला. काही दिवसांनी कुवेतहून त्याचा फोन आला. तो राहत होता ती इमारत पडली होती. त्याचा फोरमन आदिल बायकोसह आत होता. दोघंही गेले.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, "बसऱ्यात किरकोळ नुकसान." आवाज अगदी स्वच्छ लागला होता. हेमचंद्रांनी भाषांतर केलं नाही. बातम्या संपून लष्करी बँड सुरू झाला, तरी ते माझ्यासमोर उभेच होते.

हल्ली मी बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी असतो. सेल काढून घेतलेत. माझी तक्रार नाही. मला ऐकायचं तर खुशाल ऐका, पण बातमीतल्या गावात कुणी ओळखीचं असेल तर आधी त्याला फोन करा. आदिलचं नाव माझ्या तोंडी एकदाही आलं नाही.