तुर्की कागदाची नक्कल

"असला कागद आपल्या कचेरीत बापजन्मी आला नव्हता," असं म्हणून हेडकारकून आठल्ये यांनी तो हरिश्चंद्राच्या मेजावर ठेवला आणि स्वतः मोकळे झाले.

हरिश्चंद्र शिवलकर रत्नागिरीच्या कचेरीत नक्कलनवीस. घर मांडवीला. वीस वर्षं लोकांचे खटले, वाटण्या, मृत्युपत्रं उतरून काढण्यात गेलेली. आज काय उतरवलंस, असं संध्याकाळी विचाराल तर सांगता यायचं नाही. मजकूर डोक्यात शिरला की हात चुकतो, म्हणून शिरू द्यायचाच नाही, हा त्याचा शिरस्ता. पाच वर्षांपूर्वी तापाच्या साथीत बायको मथुरा गेली, तेव्हापासून हा शिरस्ता घरीही लागू झाला. जेवायचं, पण काय जेवलो ते ठाऊक नाही. लोक म्हणायचे, दगड झालाय मेला. दगड कसला डोंबलाचा! रडायचं राहून गेलं होतं आणि आता कुठून सुरुवात करावी ते त्याला कळत नव्हतं, एवढंच.

कागद राहीचा होता. राही मंडणगडाकडची कुणबीण, आगबोटीने एकटी आलेली, कचेरीच्या पडवीत बसलेली. तिचा नवरा सदू मराठा पलटणीत होता. लढाईत इराकात तुर्कांनी धरून नेला, तो सरकारदरबारी बेपत्ता. त्याच्याबरोबर धरला गेलेला गावचा रावजी सुटल्यावर परस्पर मुंबईला गिरणीत लागला आणि यंदाच्या शिमग्याला गावी आला, तेव्हा ट्रंकेच्या तळातून हा कागद निघाला. सदूला दवाखान्यात नेलं, आम्हांला पुढे हाकललं, मागाहून कुणीतरी हा हातात दिला, याउपर रावजीला काही माहीत नव्हतं. सात वर्षं भावकी सांगत होती, बाई, कुंकू पूस. ती विचारायची, कशावरून? आता कागद होता आणि तो मंडणगडात कुणाला वाचता येईना.

मुंबईला तुर्की जाणणारा सरकारी दुभाष्या होता. पण अस्सल कागद राही हातचा सोडीना. मग वरून इंग्रजीत हुकूम आला की कागद 'ट्रान्सक्राइब' करून पाठवा. आठल्यांनी मान खाली जायला नको म्हणून डिक्शनरी उघडून खात्री करून घेतली. उतरून घेणे. म्हणजे काम हरिश्चंद्राचंच.

त्याने सवयीने डावीकडून सुरुवात केली. चित्र काढावं तशी एकेक ओळ काढली. नक्कल कशीही झाली तरी रुजू घालावी लागते, एकाने वाचायचं, दुसऱ्याने ताडायचं. त्यासाठी पेठेतल्या मौलवींना बोलावलं. त्यांनी कागद पाहिला, हरिश्चंद्राकडे पाहिलं आणि सौम्यपणे सांगितलं, की अक्षर आमचं आहे, भाषा माझ्या ओळखीची नाही. पण ही लिहायची उजवीकडून, तुम्ही सगळी अक्षरं शेपटाकडून काढलीत. हरिश्चंद्राने मुकाट्याने दुसरा कागद घेतला आणि उजवीकडून सुरुवात केली. रुजू घालताना मौलवी अडखळत मोठ्याने वाचत गेले. एका ठिकाणी 'सदू' असं काहीसं आलं, तेव्हा पडवीतली राही उठून उभी राहिली. पुढचं काही कळेना तशी पुन्हा बसली.

वैशाखात मुंबईहून मराठी तर्जुमा आला. पावसाळ्यात आगबोटी बंद पडायच्या आत राही आली. तिला शिक्क्याची नक्कल हवी होती, भावकीपुढे ठेवायला. आठल्ये म्हणाले, शिवलकर, तुम्हीच वाचून दाखवा, माझ्याच्याने व्हायचं नाही.

हरिश्चंद्र वाचू लागला. पहिलीच ओळ होती, 'दवाखान्याच्या नोंदवहीवरून अस्सलबरहुकूम नक्कल.' तो थांबला. तिकडेही कुणी नक्कलनवीस होता तर. त्यानेही परमुलखातल्या माणसाचं नाव काही न कळता उतरवलं असेल आणि पुढचा कागद ओढला असेल. वीस वर्षांत पहिल्यांदा मजकूर डोक्यात शिरला. पुढे चारच ओळी होत्या. सदू, शिपाई, हिंदी. हगवण. मयत, पंचवीस नोव्हेंबर एकोणीसशे सोळा.

राही रडली नाही. तो थांबला होता त्या ओळीवर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "दादा, ती तारीख आमाला काय कळायची? तीथ सांगा. पानी सोडाय तीथ लागते."

आठल्यांच्या कपाटात जुनी पंचांगं होती. हरिश्चंद्राने त्या सालचं काढलं, बोट फिरवत खाली आला. "कार्तिकातली अवस, बाई."

"म्हंजे दुसऱ्या दिशी देवदिवाळी." तिने मनाशी हिशेब केला. "सात देवदिवाळ्या मी मेलेल्यांचं पान भाईर ठेवलं नि त्येचं घरात वाढलं, दादा. जित्या मान्साचं."

हरिश्चंद्राने पंचांग मिटलं आणि टाक उचलला. नक्कल करता करता त्याने शेवटी आपल्या हाताने लिहिलं, 'तिथी कार्तिक वद्य अमावास्या.' आठल्यांनी ती ओळ पाहून कपाळाला हात लावला. अहो, अस्सलात नाही ते नकलेत घातलंत, ही रद्द झाली, फाडा आणि दुसरी करा. त्याने दुसरी केली, शिक्का मारून घेतला. रद्द नक्कल फाडली मात्र नाही. घडी घालून तीही राहीच्या हातात दिली आणि सांगितलं, की ही भावकीला दाखवू नका, ही तुमची.

तिने दोन्ही घड्या चोळीत खोचल्या. दारापर्यंत गेली आणि वळली. "कुकू गावात गेल्यावर, बायकांम्होरं पुसायचं आस्तं," ती म्हणाली. "बानकोटाला उतरून घरी जाईस्तवर ऱ्हाऊ दे. न्हाय का?"

"राहू दे," हरिश्चंद्र म्हणाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. पायरीवर थांबून तिने पदराने तोंड पुसलं, घामाने कुंकू ओघळलं होतं ते बोटाने नीट केलं आणि बंदराच्या वाटेला लागली.