माळेत अडकवलेला फोन

अप्पांनी त्या दिवशीही फोन पर्सिमनच्या माळेतच अडकवला. सोललेली फळं ज्या दोरीला वाळत लटकतात, त्याच दोरीला, दोन फळांच्या मध्ये. वारा आला की फळांबरोबर फोनही झुलायचा, आणि व्हिडिओत सांग्जू गावातलं आमचं अंगण होडीत बसवल्यासारखं डुलायचं.

"फोनसाठी तिवई आणून दिली होती ना, अप्पा?"

"तिच्यावर मिरच्या वाळताहेत, सेयोंग."

मी सेऊलमध्ये जाहिरातींचे व्हिडिओ जुळवते. माझं ज्ञान मी त्यांना पुष्कळदा ऐकवलं होतं: चित्र धूसर असलं तरी लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की उठून जातात, आवाज स्वच्छ असेल तर चित्रही आहे त्याहून बरं वाटतं. त्यातून अप्पांनी एवढंच घेतलं, की माइकला वारा लागू नये. त्यावर आपला लोकरी मोजा चढवला, आणि तो धुतलेला असल्याचं प्रेक्षकांना सांगूनही टाकलं. त्यांच्या चॅनेलचे प्रेक्षक सगळे मिळून चौतीस.

संध्याकाळी बसपर्यंत पोचवताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "कसा झालाय?"

मी नेहमीचं म्हटलं, "आवाज ठीक आहे."

चौथ्या दिवशी ते झोपेतच गेले.

तो व्हिडिओ फोनमध्येच राहिला होता. आमच्याकडे मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी होणाऱ्या पूजेला सगळ्यांना दाखवायचा म्हणून मी आठवडाभर तो घेऊन बसले. हलणं काढलं, रंग उजळले, वारा पुसला, मागे हलकं संगीत घातलं. इतकं नेटकं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आदल्या सकाळी तो चॅनेलवर टाकला.

दुपारी बुसानच्या ओकबुन आजींनी लिहिलं. त्या एकही व्हिडिओ चुकवत नसत. 'फार सुंदर. पण पर्सिमन हलत का नाहीत? आणि काकांचं गुणगुणणं कुठे गेलं?' खाली नऊ जणांनी तेच विचारलं. एकाने मोज्याची चौकशी केली.

गुणगुणणं वाऱ्याबरोबर मीच पुसलं होतं.

मी तो काढला आणि मूळचा टाकला, होडीसारखा डुलणारा. मग अंगणात गेले. अप्पांनी टांगलेली फळं आता आक्रसून तपकिरी झाली होती, वर त्यांच्याच साखरेची पांढरी भुकटी धरली होती. दोन फळांच्या मध्ये फोन अडकवला, माइकला मोजा चढवला आणि बटण दाबलं. वारा होताच.

"अप्पा," मी म्हणाले, "त्या चौतिसातली एक मी होते. एकही चुकवला नाही. फार छान व्हायचे."