तोंड गोड

“पण झाड तुमच्या मालकानं लावलं, हे पाहिलं कोणी?” ओढणी खांद्यावर सावरत रुपाने विचारलं.

लिंबाखाली जमलेला सगळा तांडा चंदाबाईकडे बघू लागला. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“त्यायनी लावलं, म्या घागरीनं पाणी घातलं,” ती म्हणाली. “एक लेकरू बी यायचं संगं, तांब्या घेऊन.”

“लेकराची साक्ष काय धरायची, काकी?”

माणसं हसली. नेमसिंगने मांडीवर थाप मारली. आंबा त्याच्या आणि चंदाबाईच्या शेतामधल्या बांधावर होता, जरा त्याच्या अंगाला झुकलेला. इतकी वर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा मोहर आला आणि झाड आपलं असल्याचं नेमसिंगला आठवलं.

चंदाबाईने एकदा रुपाकडे पाहिलं. त्या लेकराचं नाव मात्र तिने घेतलं नाही.

ते लेकरू रुपाच होती. घागरीमागे धावताना तांब्यातलं अर्धं पाणी वाटेतच सांडायचं, आणि चंदाबाईचा नवरा म्हणायचा, राहू दे, वाटेलाबी तहान लागती. हे सगळं रुपाला प्रश्न विचारायच्या आधीपासून आठवत होतं.

ती अकरावीत होती. वकिलीला जायचं तर तयारी आत्तापासून हवी, असं कळमनुरीचे बद्रुद्दीन वकील तिला म्हणाले होते. पुण्याच्या कॉलेजात मुलाखत घेतात, तिथे जीभ अडखळून चालणार नाही. चार माणसांत उभं राहून बोलायची सवय लाव. तांड्यातल्या बायका तिला ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणून चिडवत. त्यांना एकदा दाखवून द्यायचंच होतं. नेमसिंगने “माझ्याकडून बोलशील का?” म्हटलं, तेव्हा झाड कोणाचं हे तिने स्वतःला विचारलंच नाही.

रुपाचे वडील हिरासिंग तांड्याचे नायक. निवाडा त्यांचा. त्यांनी घसा खाकरला.

“साक्ष न्हाई म्हणल्यावर काय करावं? झाड नेमसिंगचं.”

बोलताना त्यांची नजर लेकीवर होती. आजवर तिथे एवढ्या धिटाईने कोणतीच पोरगी बोलली नव्हती, आणि त्यांच्या मिशीतलं हसू काही लपत नव्हतं.

मग परात आली. हरणाऱ्याने आपल्या हाताने गूळ वाटायचा, सगळ्यांनी खायचा, ही तांड्याची रीत. सगळ्यांचं तोंड गोड झालं की ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. एकाने जरी गूळ खायचा टाळला, तरी निवाडा कच्चा, पुन्हा बसायचं. तसं कधी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

चंदाबाई एकेकाच्या हातावर खडा ठेवत रुपापाशी आली.

“घे, माय. लई बराबर बोललीस. माझ्या नातीलाबी शिकव असं बोलायला. आमाला न्हाई जमलं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रुपाला बरं वाटलं असतं. तिने खडा घेतला, हात तोंडाजवळ नेला, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून मूठ मिटली.

घरी हिरासिंगने पागोटं खुंटीला अडकवलं.

“उद्या कळमनुरीला जाऊ. वकीलसायबाला सांगू, पोरीनं पहिली केस जिंकली म्हणून.”

रुपा दारातच उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ घामाने आणि गुळाने नुसती चिकचिकत होती. स्वतःची तिला इतकी लाज वाटत होती की बापाकडे वर बघवेना. कोणाला काही कळलं नव्हतं. हात धुतला असता तर कधी कळलंही नसतं.

तिने मूठ उघडली.

“बापू, म्या खाल्ला न्हाई.”

“काहून?”

“ते तांब्यावालं लेकरू मी व्हते.”

हिरासिंग तिच्या तळव्याकडे बघत राहिले. मिशीतलं हसू विरून गेलं.

“समद्यांपुढं सांगावं लागंल,” ते हळू आवाजात म्हणाले. “आत्ताच.”

रुपाने होकाराची मान डोलावली. बाहेर लिंबाखाली चंदाबाई रिकामी परात घासत बसली होती. हिरासिंगने खुंटीवरचं पागोटं पुन्हा काढलं.