दीड मीटर अंतर राखणारं भूत

सलिल खांबेटेच्या घरात चोरी होणं शक्यच नव्हतं. हे मत त्याचं स्वतःचं होतं आणि दोन हजार वीसच्या ऑक्टोबर महिन्यात त्याने ते भेटेल त्याला सांगितलं. करोनामुळे कुणी भेटत नव्हतं, त्यामुळे फोन करकरून सांगितलं.

सलिल ऑस्ट्रेलियात, पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होता. काम रिस्क असेसमेंटचं. म्हणजे कुठे काय बिघडू शकेल हे आधीच ओळखून त्याबद्दल सगळ्यांना ईमेल पाठवायची. मार्चपासून हे काम तो वॉलॉंगॉंगमधल्या घराच्या वरच्या खोलीत बसून करत होता आणि तिथून कारखान्यातले धोके नीट दिसत नसल्यामुळे त्याने घरातले शोधायला घेतले. बायको स्वरदा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ती रोज करोनाच्या पेशंटच्या श्वासनळीत नळी घालून घरी यायची आणि दारातच नवऱ्याकडून ऐकायची, की मागचं फाटक उघडं टाकणं किती धोक्याचं आहे.

तसं पाहिलं तर याला कारण होतं. जुलैत सलिलचे वडील पुण्यात करोनाने आजारी पडले. बरे होऊन घरीही आले, पण विमानं बंद असल्याने सलिलला जाता आलं नाही. त्याच आठवड्यात त्याने पहिला कॅमेरा मागवला. स्वरदाला हे कळत होतं, म्हणून पहिल्या कॅमेऱ्याला ती काही बोलली नाही. सहाव्याला बोलली.

"सलिल, आपल्या घरात चोरण्यासारखं आहे काय?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे. चोराला ते माहीत नाही."

मग फेसबुकवरच्या सबर्बच्या ग्रुपवर बातमी आली, की कुणाच्या तरी अंगणातून बार्बेक्यूचा गॅस सिलिंडर गेला. सलिलच्या दृष्टीने हा पुरावा होता. त्यातच हॅलोविन तोंडावर आला. अनोळखी माणसं, तोंडावर मुखवटे आणि त्यांना खाऊ द्यायला आपण स्वतःहून दार उघडायचं! इतकी निष्काळजी प्रथा कुणी शोधून काढली असेल, याचं त्याला खरोखर नवल वाटलं.

"नो हॅलोविन धिस यिअर," त्याने जेवताना जाहीर केलं.

आठ वर्षांच्या श्रियाने काटा खाली ठेवला. "बट बाबा, एव्हरीवन्स डूइंग इट. इव्हन द गव्हर्नमेंट सेज इट्स ओके. लॉलीज वेष्टनात असल्या की झालं."

"यावर्षी तिची शाळा, पोहणं, वाढदिवस, सगळं बुडालंय," स्वरदा म्हणाली. "एवढं एक होऊ दे."

सलिल हट्टी होता, पण दुष्ट नव्हता. त्याने दोन दिवस विचार केला आणि इंजिनिअरला शोभेल असा मार्ग काढला. हार्डवेअरच्या दुकानातून त्याने एक लांब पीव्हीसी पाइप आणला. दाराशेजारच्या खिडकीची जाळी काढली, खिडकी थोडी वर सरकवली आणि पाइप आतून बाहेर असा उतरता बसवला. श्रियाने आत स्टुलावर बसून पाइपात लॉली, म्हणजे गोळी-चॉकलेट, सोडायची, बाहेरच्या मुलाने खाली पिशवी धरायची. दार बंद, कुलपं दोन, संपर्क शून्य. पायरीवर सॅनिटायझरची बाटली ठेवली. वाटेवर दीड-दीड मीटरवर पिवळ्या टेपच्या फुल्या मारल्या. पाइपामुळे खिडकीची कडी लागत नव्हती, पण खिडकीवर कॅमेरा होता, त्यामुळे सलिलने त्या गोष्टीकडे लक्ष दिलं नाही.

खिडकीला लागूनच आतल्या भिंतीवर किल्ल्यांची पाटी होती. चोराला कळू नये म्हणून तिच्यावरची लेबलं त्याने मुद्दाम मराठीत लिहिली होती. 'गाडी' या लेबलाखाली नव्या एसयूव्हीची किल्ली टांगलेली असायची, कंपनीच्या चिन्हासकट.

ही तयारी एकट्याच्या घरापुरती ठेवणं सलिलला बरं वाटेना. त्याने मराठी मंडळाच्या भास्कररावांना फोन केला आणि हॅलोविनच्याच संध्याकाळी झूमवर व्याख्यान ठरवून टाकलं: 'सण, सावधगिरी आणि आपलं घर'. भास्करराव मंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी गुढीपाडव्यापासून गणपतीपर्यंत सगळं झूमवर झाल्याने त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ते हो म्हणाले.

शनिवारी स्वरदाची शिफ्ट होती. निघताना ती म्हणाली, "श्रिया खाली एकटी आणि तू वर लेक्चर देणार?"

"एकटी कुठे? सहा कॅमेरे आहेत."

स्वरदाने त्याच्याकडे बघितलं, आणि आपल्या छोट्या गाडीची किल्ली घेऊन ती गेली.

इकडे ऑस्ट्रेलियात हॅलोविन म्हणजे वसंतातला, लख्ख उजेडातला. भुतं टोप्या घालून, सनस्क्रीन लावून फिरतात. व्याख्यान सुरू झालं तेव्हाही ऊन होतं. बरीच कुटुंबं आली होती. सिडनीच्या वेंटवर्थव्हिलहून आली, आणि थेट डार्विनहून नीलिमाही आली. नीलिमा ही स्वरदाची कॉलेजातली मैत्रीण, तिकडच्या हॉस्पिटलात डॉक्टर. डार्विनच्या उकाड्यात एसीखाली बसून करायला दुसरं काही नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं.

सलिलने आधी शिस्त लावली. सगळ्यांना म्यूट केलं, कुणाला स्वतःहून अनम्यूट होता येणार नाही अशी सोय केली आणि चॅट बंद केलं. "प्रश्न शेवटी," तो म्हणाला. मग मोठ्या स्क्रीनवर त्याने आपल्या घराचे सहाही कॅमेरे शेअर केले. "नुसत्या स्लाइड्सनी कंटाळा येतो, म्हणून आज थेट प्रात्यक्षिक. मी बोलतो, तुम्ही बघा." आणि दुसऱ्या लॅपटॉपवरच्या टिपणांकडे वळून तो बोलू लागला.

लोक बघू लागले. पहिल्या कॅमेऱ्यात दार, खिडकी, पाइप. एक छोटी चेटकीण आली, तिने लॉली घेतली. दोन सांगाडे आले. त्यांच्यामागे एक उंच भूत आलं. पांढरी चादर, डोळ्यांना भोकं, आणि चादरीवरून निळा सर्जिकल मास्क. ते पिवळ्या फुलीवर उभं राहिलं. सांगाड्यांचं होईपर्यंत थांबलं. मागून एक लहान मूल आलं, त्याला भुताने पुढे जाऊ दिलं.

"चोर हा आपल्यासारखाच दिसतो," सलिल सांगत होता. "तो घाई करत नाही. तो आपल्या सवयी बघत असतो."

मूल गेलं. भूत पुढे आलं, पायरीवरच्या बाटलीतून त्याने सॅनिटायझर घेतलं आणि दोन्ही हात हातमोज्यांसकट नीट चोळले. मग खिडकीतून आत डोकावून काहीतरी बोललं. पाइपातून लॉली आली नाही. भुताने थोडा वेळ वाट पाहिली, पाइप हलकेच बाहेर ओढून गवतावर ठेवला, खिडकी वर सरकवली आणि हात आत घातला.

झूमवरच्या चौकटींमध्ये एकच गोंधळ उडाला, अर्थात निःशब्द. भास्करराव दोन्ही हात हलवू लागले. वेंटवर्थव्हिलचे एक गृहस्थ उठून कॅमेऱ्यापाशी बोट नाचवू लागले. पडद्यावर पिवळ्या हातांची रांग लागली. सलिलने एकदा मान वर करून ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. कारखान्यात त्याच्या बोलण्याला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता.

"शेवटी, शेवटी," तो हसून म्हणाला. "सगळ्यांचे प्रश्न घेणार."

भास्कररावांनी त्याला फोन लावला. तो सायलेंटवर होता. भुताने 'गाडी' हे लेबल वाचलं की नाही, ते सांगता येत नाही. किल्ली मात्र बरोबर तीच घेतली. दुसऱ्या कॅमेऱ्यात ते ड्राइव्हवेवर दिसलं, तिसऱ्यात गाडीत बसताना. चादर दारात अडकू नये म्हणून त्याने ती आवरून घेतली आणि इंडिकेटर देऊन गाडी बाहेर काढली.

नीलिमाने तोवर सलिलचा नाद सोडून स्वरदाला फोन लावला होता. स्वरदाने घरच्या आयपॅडवर श्रियाला. थोड्या वेळाने श्रिया वर आली, चेटकिणीची टोपी घालून, हातात आयपॅड.

"बाबा, आईचा कॉल आहे."

"आत्ता नाही, बेटा."

"शी सेज समवन्स ड्रायव्हिंग युअर कार."

सलिलने मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. सहाही चित्रं अगदी स्पष्ट होती. ड्राइव्हवे रिकामा होता.

तो धावत खाली गेला. खिडकी वरपर्यंत उघडी. खिडकीशी स्टूल, आणि स्टुलापासून हातभर अंतरावर 'गाडी' लेबलाखालची रिकामी खुंटी. तो स्टुलाकडे बघत राहिला.

"तू कुठे होतीस?" त्याने विचारलं.

"इन द किचन. लॉलीज संपल्या होत्या. तो म्हणाला, नो वरीज, आय'ल वेट." श्रिया थोडी घाबरली होती, बापाचा चेहरा बघून. "ही वॉज नाइस, बाबा. त्याला माझी टोपी आवडली."

सलिलने तिला जवळ घेतलं ते बराच वेळ सोडलं नाही. तिची टोपी त्याच्या हनुवटीखाली चुरगळली. वर झूम चालूच होतं. शेवटी भास्कररावांनी सगळ्यांना हाताच्या खुणेनेच निरोप घ्यायला सांगितलं म्हणे.

पोलीस आले. तरुण कॉन्स्टेबल होती, तिने चित्रीकरण दोनदा पाहिलं.

"पिक्चर क्वालिटी ग्रेट आहे, मेट," ती इंग्रजीत म्हणाली.

"फिंगरप्रिंट?" सलिलने आशेने विचारलं.

"चादरीतून हात काढला, त्यावर हातमोजा दिसतोय. तरी बघू. चेहरा काही दिसत नाही. आज दुपारपासून हे तिसरं भूत." मग तिची नजर फुल्यांकडे गेली. "नियम मात्र पाळलेत त्याने."

ती गेली तेवढ्यात स्वरदा शिफ्ट अर्धी सोडून आली. ती हसली नाही आणि रागावलीही नाही, हे सलिलला जास्त लागलं. तिने आधी श्रियाला पाहिलं, मग खिडकी लावून कडी घातली, चहा टाकला.

"मला वाटत होतं," सलिल ओट्याशी उभा राहून म्हणाला, "निदान घर तरी आपल्या हातात असावं. तिकडे बाबा आजारी होते, आणि मी इथे फोन धरून..."

"माहीत आहे मला."

"ती त्या स्टुलावर बसली होती, स्वरदा. मी वर सांगत होतो, की चोर आपल्या सवयी बघतो."

"तेही माहीत आहे. नीलिमाने सगळं सांगितलं." तिने कप त्याच्यापुढे सरकवला. "उद्या तीन कॅमेरे उतरव. आणि पुढच्या वेळी खाली बस."

बाहेर अजून मुलं येत होती. श्रिया खिडकीशी जाऊन उभी राहिली. सलिलने कुलपं काढली, पहिलं आणि दुसरं, आणि लॉलीची परडी घेऊन तो तिच्याबरोबर पायरीवर बसला. फुलीवर एक ड्रॅगन उभा होता. त्याच्याबरोबरच्या बाईने मास्क खाली करून हाक मारली. ती समोरच्या घरातली निघाली. गेली चार वर्षं ती समोर राहत होती, पण सलिल तिला पाचव्या कॅमेऱ्यातूनच ओळखत होता.

मंडळात त्या व्याख्यानाचं कौतुक झालं. असं प्रात्यक्षिक आजवर कुणी दिलं नव्हतं. लोकांनी भास्कररावांकडे रेकॉर्डिंग मागितलं, भास्कररावांनी दोन दिवस नाही म्हणून पाहिलं आणि मग पाठवलं. ते पुण्यापर्यंत पोचलं. वडिलांचा फोन आला, आजारपणानंतर पहिल्यांदाच ते खोकल्याशिवाय इतका वेळ हसले. सलिलने ऐकून घेतलं.

गाडी पुढच्या आठवड्यात सापडली, कायामाजवळच्या एका किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये. ओरखडा नव्हता. भूत सापडलं नाही. सलिल श्रियाला घेऊन ट्रेनने तिकडे गेला. गाडीत बसला तर पाय पेडलपर्यंत पोचेनात, सीट इतकी मागे ढकललेली. रेडिओवर कुठलंतरी कंट्री म्युझिकचं स्टेशन लागलं. तो बदलणार होता, पण श्रिया ताल धरू लागली होती, म्हणून राहू दिलं.

"कॅन वी गेट चिप्स?" तिने विचारलं.

समुद्राकडे जाताना सलिलने गाडी लॉक केली आणि चार पावलांवरून परत येऊन हँडल ओढून बघितलं. बाकावर बसल्यावर पुन्हा उठू लागला, तेव्हा श्रियाने त्याच्या मांडीवर चिप्सचा पुडा ठेवला. त्याला बसावंच लागलं. त्याने एक चिप उचलली, आणि तोंडापाशी नेईपर्यंत एका सीगलने ती बोटांतून उचलून नेली, भर दुपारी, अगदी तोंडासमोर.

श्रिया खो-खो हसत सुटली.

"तू पुडा धर," सलिल तिला म्हणाला. "मी लक्ष ठेवतो."

दुसरा सीगल मागून आला.