पाठ फिरवणारं फूल

लाँड्रीच्या मागच्या दालनात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे हॉटेलांच्या चादरी वाळत असत. आज दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि माणसं दाटीवाटीनं बसलेली. समोरच्या टेबलावर एक कुंडी. कुंडीत हातभर उंचीचं रोप आणि त्याच्या शेंड्यांना गुलाबी फुलांचे तुरे. एकेक फूल नळीसारखं लांबट, पुढे ओठ विलगलेले, जणू आत्ता काहीतरी बोलेल.

"बोलतंच!" फूलबाबा गरजले. "माणूस खोटं बोलेल, माझं झाड नाही. जिथे वारासुद्धा चोरपावलांनी शिरतो, अशा गुहेत हे उभं होतं. मी याला शोधलं नाही, यानंच मला हाक मारली!"

बेकरीवाला हात जोडून पुढे आला. "बाबा, नवी भट्टी चालेल ना?"

बाबांनी रोपावर जांभळं कापड टाकलं, 'शक्ती द्यायला' हात आत घातला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि झटक्यात कापड ओढलं. फुलांची अख्खी ओळ बेकरीवाल्याकडे तोंड करून उभी!

"होकार!" दालन दणाणलं. पुढच्या रांगेत कडककाकूचे डोळे पाणावले.

कडककाकू म्हणजे या लाँड्रीची मालकीण. तिच्या हातच्या कॉलरला मोड नसे, तशी जिभेलाही नसे, म्हणून हे नाव. तशी ती कुणाच्या नादाला लागणारी बाई नव्हे. पण नवरा गेल्यापासून एक गोष्ट तिला पोखरत होती. लेकीच्या लग्नाचा निर्णय आता एकटीनं घ्यायचा होता, आणि चूक झाली तर ती वाटून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. लेक लाँड्रीची गाडी चालवायची, घरोघरी कपडे पोचवायची. तिचं शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांशी ठरलं होतं. काकूनं होही म्हटलं होतं, पण मनात धाकधूक होतीच.

त्यात आता मास्तरच मागच्या रांगेतून बोलले, "बाबा, कापड न टाकता नाही का सांगत झाड?"

"लाजाळू आहे ते!" बाबांच्या कपाळावर आठी चढली.

आणि नेमका तेव्हाच काकूनं प्रश्न विचारला. "बाबा, हा मुलगा माझ्या लेकीला चांगला आहे का?"

कापड पडलं, हात आत गेला, कापड उडालं. एकूण एक फूल मास्तरांकडे पाठ करून होतं.

"पाठ फिरवली!" बाबा कुजबुजले, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हे लग्न झालं, तर घराचं वाटोळं!"

संध्याकाळी काकूनं लग्न मोडलं.

"झाडानं पाठ फिरवली म्हणून?" लेक म्हणाली.

"झाडाला कळतं सगळं."

"आणि मला काही कळत नाही?"

काकू तिच्यावर ओरडली. तेव्हापासून लेकीनं बोलणं टाकलं. फक्त गाडीचं दार दणकन आपटायचं, त्यावरून काकूनं ओळखायचं, पोरगी आली.

बाबांच्या पुढच्या दरबारापर्यंत कुंडी दालनातच राहणार होती. "हात लावाल तर डोळे जातील," असा दम बाबांनी भरला होता. काकू त्या बाजूला फिरकतही नव्हती. पण एका दुपारी ती भलीमोठी चादर एकटीच घडी करत होती. दुसरं टोक धरायला लेक असायची. ती आता येत नव्हती. काकूनं चादर झटकली आणि टोक सपकन फुलांवरून गेलं.

एका बाजूची सगळी फुलं गर्रकन वळली.

काकूनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता काय, अंधार! बऱ्याच वेळानं हळूच एक डोळा उघडला. भिंत दिसली. दुसरा उघडला. लांब टोपलीत पडलेल्या सदऱ्याच्या कॉलरवरचा डागही दिसला.

डोळे वाचले, पण बाबांना कळलं तर? तिनं बोटानं एक फूल मागे ढकललं. ते तिथेच राहिलं. दुसरं ढकललं, तेही राहिलं. डावीकडे लोटलं तर डावीकडे, उजवीकडे लोटलं तर उजवीकडे. इतकं आज्ञाधारक तिच्या अख्ख्या लाँड्रीत कुणी नव्हतं. काकूला खुदकन हसू आलं, आणि मग ते हसू जागच्या जागी थिजलं.

कापडाखालचा हात!

तिची कानशिलं तापली. "या मेल्या काडीला विचारून मी पोरीचं लग्न मोडलं?"

तशीच तरातरा ती शाळेत गेली. मास्तरांची माफी मागितली आणि दरबाराला यायला सांगितलं. लेकीसमोर जायचा मात्र तिला धीर झाला नाही.

दरबार भरला. बाबा कापडाकडे वळणार, तोच काकूनं ते उचललं. "आज मी विचारते."

"काकू, डोळे जातील!"

"डोळे ठणठणीत आहेत. तुमच्या बाहीवरचा चहाचा डाग दिसतोय मला इथून."

तिनं कापड टाकलं, हात आत घातला आणि मंत्र म्हणून पुटपुटली, "सुती वेगळं, लोकरी वेगळं, रंग जाणारं शेवटी." कापड ओढलं. सगळ्या फुलांनी बाबांकडे पाठ केली होती!

बाबा क्षणभर गडबडले. पण मुरलेला गडी तो, लगेच दोन्ही हात उंचावून ओरडला, "धन्य! माझी शक्ती काकूंमध्ये उतरली! आजपासून या फूलमाता!"

आणि काय सांगावं, माणसांनी पटापट काकूपुढे गुडघे टेकले. बेकरीवाला सगळ्यांत आधी. "माते, भट्टी तापत नाहीये हो!"

बाबा अशी उडी मारतील, हे काकूच्या ध्यानीमनीही नव्हतं. "अरे ऊठ! पँटची इस्त्री मोडेल!" तिनं त्याचं मनगट धरून त्याला कुंडीपाशी ओढलं. "ढकल ते फूल."

"माझे डोळे..."

"ढकल म्हणते ना!"

त्यानं तोंड फिरवून एका बोटानं फूल ढकललं, मग भीत भीत पाहिलं. फूल वळून तिथेच थांबलं होतं.

"माते... म्हणजे, काकू... हे तर माझंही ऐकतंय!"

मग काय विचारता! जो तो पुढे घुसला. कुणी फुलं उजवीकडे वळवली, कुणी डावीकडे, कुणी दोन फुलांची तोंडं समोरासमोर आणून भांडण लावून दिलं. दालनात हसण्याची लाट उसळली.

मास्तर पुढे आले. "खोड चाचपून बघा, चौकोनी लागेल. हे पुदिन्याच्या कुळातलं रोप. इतर झाडांची फुलं ढकलली तर उसळून मागे येतात. याच्या देठाला तशी उसळी नाही, आणि खालचं हे बारीक पान फुलाला आहे तिथे अडवून धरतं." त्यांनी ते पान खुडलं. फूल लुळं पडलं. "बागवाले याला आज्ञाधारकच म्हणतात. रोपवाटिकेत मिळतं."

"म्हणजे गुहेत नाही?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"अंधारात फुललं असतं का हो?"

बाबा कापड गुंडाळून दाराकडे सरकत होते. काकूनं वाट अडवली.

"लोकांना उत्तर हवं असतं, बाई," ते पडेल आवाजात म्हणाले. "मी देतो."

"खरं आहे. मलाही हवं होतं. विचार करायची भीती वाटली, म्हणून ते ओझं मी तुमच्या गळ्यात टाकलं. पण तुम्ही ते खुशाल उचललंत, आणि माझ्या पोरीचा संसार त्याखाली चिरडला जात होता." तिनं वाट सोडली. बाबा गेले, कुंडी तशीच टाकून.

काकू लोकांकडे वळली. "भट्टी तापत नसेल तर भट्टीवाल्याला दाखवा. दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी म्हणालं, याला हात लावू नका, तर आधी हात लावून बघा! मी बघितला. काही झालं नाही."

बाहेर लेक गाडीत कपड्यांची बोचकी रचत होती. आतला हशा तिनं ऐकला होता, पण वळून पाहिलं नव्हतं. काकू शेजारच्या सीटवर चढून बसली.

"मी झाडाला विचारलं," ती म्हणाली. "तुला विचारायचं राहिलं. तुला मास्तर का आवडतात गं?"

शेवटचं बोचकं आत टाकून लेक चाकामागे बसली. मग तिनं गाडी सुरू केली आणि सांगायला लागली. गल्ल्या संपल्या, कपडे पोचवून झाले, तरी ती सांगतच होती. कडककाकूनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.