नववा अक्रोड

मित्रांनो, मला हसू नका. आज माझ्या पितळी पारड्यांवर हिरवट डाग पडलेत, दांडीही कुरकुरते. पण एके काळी बल्गेरियातल्या आमच्या डोंगरगावात माझ्यासारखा काटेकोर तराजू दुसरा नव्हता. माशीनं जांभई दिली तरी माझा काटा हलायचा. एकदा तर मी एका शिंकेचं वजन केलं होतं. खोटं वाटतं? राहू दे. पुढचं मात्र खरं आहे.

मला घडवलं होतं औषधांच्या दुकानासाठी. ते बंद पडलं तेव्हा स्तामेन गुरुजींनी मला उचलून गावच्या वाचनालयात आणलं. गुरुजी निवृत्त झालेले. दर शनिवारी मुलं गोळा करून गमतीची गणितं घालत. त्यांचं लाडकं कोडं अक्रोडांचं. नऊ अक्रोड दिसायला सारखे, पण एक हलका. दोनदाच तोलून तो ओळखायचा. त्यासाठी गुरुजी आठवडाभर कानशीनं कवचं घासघासून आठ अक्रोड एका वजनाचे करत. नवव्यातला गर काढून कवच पुन्हा डिंकानं चिकटवत. मुलांना हलका सापडला की बाकीचे आठ सगळी मिळून फस्त करायची. "शाबास रे तराजू!" म्हणून मला थोपटायची. मी फुगायचो, पण वजन वाढू द्यायचो नाही.

मग गावची माणसं कामासाठी परदेशी जाऊ लागली. आधी बाप गेले, मागून आया, शेवटी मुलं. बाक रिकामे होत गेले. उरली एकटी झोर्नित्सा. तिची आई स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. एका शनिवारी तीही लेकीला न्यायला आली. मामाची गाडी दारात उभी राहिली.

"गुरुजी, थोडाच वेळ हं," झोर्नित्सा धापा टाकत आत शिरली. "मामा तिकडे बोंबलतोय."

"बोंबलू दे. घसा त्याचाच बसेल," म्हणत गुरुजींनी अक्रोड मांडले.

तिनं एका पारड्यात तीन ठेवले, दुसऱ्यात तीन. मी समतोल. म्हणजे हलका उरलेल्या तिघांत. त्यातले दोन समोरासमोर ठेवले. मी पुन्हा समतोल.

"मग हाच!" तिनं राहिलेला उचलला. "या वेळी डिंक झकास लावलाय. सांधा दिसतसुद्धा नाही."

"फोड, पाहू."

तिनं फोडला. आत गर गच्च भरलेला.

"गुरुजी, तुमचं कोडं चुकलं!"

"माझं चुकतंय होय! तूच घाई केलीस. पुन्हा शोध. सावकाश शोध."

बाहेर भोंगा वाजला. झोर्नित्सानं गुरुजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. कानशीनं सोलवटलेली बोटं त्यांनी टेबलाखाली लपवली होती. तेव्हा तिला कळलं, हलका अक्रोड नव्हताच. शोध संपू नये म्हणून गुरुजींनी नऊच्या नऊ भरलेले आणले होते.

ती पुन्हा माझ्याकडे वळली. एकेक अक्रोड घेऊन तोलू लागली. "हा असेल... छे. हा बघा, हा लबाड दिसतोय..." दारातून वारा येत होता. मी जरा कललो असतो, तरी शोध तिथंच संपला असता. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी श्वास कोंडून उभा राहिलो.

शेवटी आई आत आली. "अगं ए, विमान काय तुझ्या मामाचं आहे थांबायला? चल!"

"सापडत नाहीये गं," झोर्नित्सा म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"उन्हाळ्यात येऊन शोध हो," गुरुजी म्हणाले. जाणाऱ्याची वाट पाण्यासारखी सुरळीत व्हावी म्हणून आमच्याकडे उंबऱ्यावर पाणी ओततात. गुरुजींनी तांब्या कलंडला. गाडी वळणाआड गेली, तरी ते थेंब थेंब ओततच होते.

उन्हाळ्यात ती आली नाही. हिवाळ्यात गुरुजी गेले. वाचनालयाला कुलूप लागलं.

मित्रांनो, मला पुसायला कुणी आलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस तुम्हाला कोडं घालत असेल आणि उत्तर चटकन आलं, तर लगेच सांगू नका. थोडा वेळ शोधत राहा.