वायर मुरेपर्यंत

वायर मुरते म्हणे! लोणचं मुरतं, कबूल. तंबोऱ्याच्या नव्या तारा सुरुवातीला सारख्या सुरातून उतरतात आणि मग बसतात, तेही कबूल. पण स्पीकरला जाणारी वायर मुरते, हे ज्ञान आमच्या खांदा कॉलनीत आणलं माझ्या दिरांनी, देवेशभावोजींनी.

भावोजी न्हावा शेवा बंदरात कामाला. कुठल्याशा बोटीवरच्या इंजिनीअरकडून त्यांनी बोटाएवढ्या जाड वायरी आणल्या आणि आमच्या कॅसेट डेकला जोडल्या. मी ऐकलं आणि म्हटलं, "आधीसारखंच तर वाजतंय."

"वहिनी, एवढ्यात मत द्यायचं नसतं. दसऱ्यापर्यंत सतत वाजू द्या, मग बघा आवाज कसा मोकळा होतो. तुमच्या कानांनाही जरा सवय होईल."

माझ्या कानांना! लग्नाआधीपासून गाणं शिकवतेय मी. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली. "अगं, तो म्हणतोय तर असेल." झालं, लागला निकाल!

वायरला चांगल्या गळ्याची सवय लागावी म्हणून भावोजींनी माझ्या कपाटातून काय काढावं? शशिकलाबाईंची कॅसेट! शशिकलाबाई माझ्या गुरू. बाई गेल्या, आणि त्यांचा आवाज उरला तो या एका कॅसेटवर. त्यांच्या घरी बसून मीच रेकॉर्ड केलेला, दुसरी प्रत नाही. मी बाजारातून आले तर ती सकाळपासून डेकमध्ये उलटसुलट फिरतेय. मी भाजीची पिशवी टाकून धावले, पण तेवढ्यात डेकने कॅसेट खाल्ली. पेन्सिल घालून मी टेप हळूहळू गुंडाळली. भैरवीच्या अंतऱ्यापाशी ती पार चुरगळली होती.

"थोडीशीच तर गेलीय," भावोजी म्हणाले. "आणि डेक बंद नका ठेवू हं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी त्या जाड वायरी उपटल्या, तंबोऱ्याच्या खोळीत कोंबल्या आणि जुनीच बारकी वायर परत जोडली. शोकेसच्या मागे वाकून बघतंय कोण? बाईंची कॅसेट माझ्या साड्यांखाली गेली आणि डेकमध्ये भावोजींच्या आवडीची लागली. म्हटलं, बसा मुरवत!

दसऱ्याला भावोजींनी शेजाऱ्यांना बोलावलं. डेक लावला, डोळे मिटले. "ऐकलंत? कसा उलगडलाय आवाज! वायर तयार झाली." हेही मान डोलवायला लागले. समोरच्या कादंबरीताई म्हणाल्या, "खरंच हो, फरक आहे."

मी आत गेले, खोळ आणली आणि वायरी टीपॉयवर आपटल्या. "ह्या तुमच्या वायरी, भावोजी. त्या दिवसापासून खोळीत आहेत. वाजतेय ती जुनी."

भावोजी लालबुंद झाले, पण माघार घेतील तर शपथ! "मग वहिनी, ती जुनीच मुरली असणार. इतकी वर्षं वाजतेय."

"मुरली असेल नाहीतर नसेल. माझ्या बाईंची ओळ गेली, ती कुठली वायर भरून देणार? आता जरा गप बसा आणि ऐका."

मी शशिकलाबाईंची कॅसेट लावली. बाईंचा आवाज आला आणि मी पदराने डोळे टिपले. अंतरा आला तशी नुसती घरघर सुरू झाली.

हे म्हणाले, "बंद कर गं. तुलाच त्रास होतोय."

"होऊ दे. नाही करणार बंद."

आणि तिथेच, पाहुण्यांच्या मध्ये उभी राहून, मी ती ओळ गायले. अगदी खणखणीत, बाईंनी समोर बसवून घोटून घेतली होती तशीच. माझी ओळ संपली आणि टेपवरची घरघरही थांबली. बाई पुढे गायला लागल्या.

भावोजी खाली मान घालून बसले होते.

"काय भावोजी," मी विचारलं, "आता देऊ का मत?"